नळ येऊन गेला तेवढा वेळ

मंगेश, काल तुझं दहावं झालं. खाप्याला, कन्हान नदीच्या काठावर. तुझ्या भावाने मला ये म्हटलं नव्हतं आणि येऊ नको असंही म्हटलं नव्हतं, म्हणून सकाळच्या बसने गेले. परत आल्यापासून मागाच्या खोलीचं कुलूप हातात घेते आणि ठेवून देते. आज शेवटी वही काढली. तू म्हणायचास, "मावशी, तू बोलते त्याच्या निम्मं जरी लिहिलं ना, तर पुस्तक होते." घे, लिहून राहिले. पुस्तकबिस्तक नाही. एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. ती तुला अर्धी माहीत आहे. कदाचित पूर्णच माहीत असेल. दहा दिवस झाले, मला तेवढंच कळत नाहीये, की तुला किती माहीत आहे.

पण आधीपासून सांगू दे. मला मधूनच सांगता येत नाही, हे तुला ठाऊक आहे.

आमच्या तांडापेठेतल्या घराच्या मागच्या अंगणात मागाची खोली. सासऱ्यांच्या वेळी तिथे चार माग चालायचे, लुगड्यांचे. नवऱ्याच्या काळात तीन गेले, एक उरला, तोही नुसता उभा. ती खोली भाड्याने बघायला तू आलास तेव्हा केस खांद्याखाली, अंगात काळा बनियन, त्याच्यावर कवटी. मी मनात म्हटलं, बाप्पा, हे काय आलं दारात. तू भाडं विचारलं नाहीस, संडास कुठे ते विचारलं नाहीस.

"मावशी, इथं आवाज केला तर चालन का?"

"कशाचा आवाज गा?"

"गाण्याचा."

"अरे, इथं चार माग दिवसभर खटखट करत होते. लेकरं त्याच आवाजात झोपत होते. तू एकटा असा किती आवाज करशील?"

तू हसलास. तिसऱ्या दिवशी कळलं काहून हसलास ते. मी तांदूळ निवडत होते आणि खोलीतून असा आवाज आला, की मी पाण्याचा लोटा घेऊन धावले. वाटलं, घास अडकला, नाहीतर साप निघाला. बघते तर तू मायकासमोर डोळे मिटून उभा, आणि बंटी, तुझा ढोलवाला, दोन्ही पायांनी ढोल बडवून राहिला. त्याचे पाय बघून मात्र मी दारातच थांबले. मागाच्या पावड्या आम्ही अशाच मारायचो, एक खाली, एक वर. मी म्हटलं, या पोट्ट्याला मागावर बसवलं असतं तर रोजचं एक लुगडं काढलं असतं यानं. बंटी ते अजून लोकांना सांगतो. म्हणतो, माझं एवढं कौतुक कोणी केलं नाही.

याला हेवी मेटल म्हणतात, असं तू मला शिकवलंस. मी म्हटलं, म्हणजे भंगारवाल्याचं गाणं. तू रागावला नाहीस. बँडचं नाव तर राखड. लहानपणी तू मामाकडे राहिलास, वीज केंद्राच्या राखेच्या तळ्याशेजारच्या वस्तीत, म्हणून ते नाव. तुझ्या गाण्यात शब्द असतात हे मला वर्षभर माहीतच नव्हतं. एकदा विचारलं तेव्हा तू कॅलेंडरच्या पानामागे लिहून दिलेस:

आई दोनदा धुते लुगडं
तरी दोरीवर राखडच वाळते

मी ते वाचलं आणि पदर डोळ्याला लावला. मग चिडले. "मेल्या, एवढं चांगलं लिहितो, तर साध्या आवाजात म्हण ना. लोकायले समजन तरी."

"साध्या आवाजात म्हटलं की मले रडू येते वं मावशी. असं म्हटलं की राग येते. रागानं निदान गाणं पूर्ण होते."

"एकदा म्हणून तर पाहा."

"पाहीन कधी."

हे भांडण आपलं दहा वर्षं चाललं. दर दिवाळीला मी काढायची, दर दिवाळीला तू "पाहीन कधी" म्हणायचास. ते आता तसंच राहिलं. साधा आवाज तुझा मी बोलताना ऐकला, गाताना नाही.

पहिली दोन वर्षं तू प्यायचास. ते मी इथे झाकत नाही, तूही कधी झाकलं नाहीस. तुझी पोरगी, पूर्वा, तेव्हा दहा वर्षांची. तिच्या शाळेच्या गॅदरिंगला तू झिंगून गेलास, स्टेजवर चढलास आणि माइक हातात घेऊन तिला हाक मारलीस. पोरीने सगळ्यांसमोर तोंड फिरवलं. त्याच आठवड्यात तुझी बायको तिला घेऊन धरमपेठेत आपल्या आईकडे गेली, ती परत आली नाही. तू व्यसनमुक्तीच्या ठिकाणी तीन महिने राहून आलास. आलास तेव्हा केस कापलेले, गाल बसलेले, हात असे थरथरत होते की चहाची बशी वाजायची.

त्याच दिवशी तू दारात उभा राहून म्हणालास, "मावशी, तुले वास कळते ना?"

कळणार नाही तर काय. बावीस वर्षं नवऱ्याबरोबर काढली मी. त्याने लवंग खाल्ली, कांदा खाल्ला, पान खाल्लं, एकदा तर टूथपेस्ट खाऊन आला. त्या सगळ्याच्या खालून मला ती कळायची. माझं दुसरं काही शिक्षण नाही मंगेश, चौथीनंतर मागावर बसले. पण नाक माझं पक्कं होतं.

तू म्हणालास, "मंग माझ्या भाड्याच्या अटीत लिही. रोज संध्याकाळी तुले वास द्यायचा. आला, की त्याच दिवशी खोली खाली."

मी लिहिलं नाही, पण पाळलं. तीन वर्षं रोज संध्याकाळी फाटक वाजलं की मी उंबऱ्यावर. तू एवढा उंच, कमरेत वाकायचास, माझ्या तोंडासमोर तोंड आणायचास आणि "हा" करायचास. मी म्हणायची, "जा." एवढंच. शेजारच्या बायका हसायच्या. कोणी म्हणे, मावशीनं वाघ पाळला. तुझ्या तोंडाला ज्येष्ठमधाचा वास यायचा, कारण गळ्यासाठी तू ती काडी कायम गालात धरायचास. पोट्टे तुझ्याकडे ते खर्जातलं ओरडणं शिकायला यायचे, त्यांना तू म्हणायचास, गळ्यातून नाही, पोटातून काढा. आणि मग माझ्याकडे बघून म्हणायचास, पोटात फक्त दारू नको, नाहीतर मावशी खोली खाली करायला लावते.

पहिल्या महिन्यात तुझे हात काही स्थिर राहीनात, तेव्हा मी तुला त्या उरलेल्या मागावर बसवलं. तुटलेले धागे सांधायला दिले. दोन टोकं घ्यायची, बोटाला थोडी खळ लावायची, पीळ द्यायचा, की धागा एक होतो. दहा वर्षांची पोर करते ते काम. तुला पहिला धागा सांधायला दुपार लागली. तू शिव्या दिल्यास, उठून गेलास, परत आलास. संध्याकाळी एक धागा सांधला गेला तेव्हा तू मला बोलावलंस आणि काही बोलला नाहीस, नुसतं बोट दाखवलंस. सांधा जाड झाला होता. मी म्हटलं, हा मागाच्या फणीतून जाणार नाही. आज वाटतं, त्या दिवशी तरी चांगला झाला म्हणायचं होतं.

दारू न पिता पहिल्यांदा लोकांसमोर गाऊन आलास, तेव्हाचं तुझं बोलणं मला पाठ आहे. तू पायरीवर बसलास, बूट काढलेस आणि म्हणालास, "पिऊन गायचो तेव्हा वाटे, लोकं माझ्यासाठी ओरडून राहिले. आज पहिल्यांदा ऐकू आलं वं, ते गाण्यासाठी ओरडून राहिले. माझ्या जागी दुसरा असता तरी ओरडले असते."

"मंग वाईट वाटलं का गा?"

"नाही ना. हलकं वाटलं. आजवर मीच उचलून राहिलो होतो सगळं."

आणि तीन वर्षांनंतर एका संध्याकाळी तू वाकला नाहीस. फाटक वाजलं, मी उंबऱ्यावर, आणि तू ताठ उभा.

"आता बस मावशी."

"काय बस?"

"वास. तीन वर्षं झाले. आता विश्वास ठेव."

"विश्वास आहे ना. हा कर."

"विश्वास असला तर हा कशाले?"

मी म्हटलं, अट तुझी होती. तू म्हणालास, माझी होती म्हणून मीच काढून राहिलो. मी आठ दिवस बोलले नाही. मग बोलले, कारण मला न बोलता राहता येत नाही. पण खरं सांगते, मी वास घेणं सोडलं नाही. तू बाजूने गेलास की मी श्वास आत ओढायची. तुला कळायचं. "मावशी, नाक आत घे," असं म्हणून तू पुढे जायचास. सहा वर्षं हे चाललं. तू हसून म्हणायचास, मी हसून घ्यायची. त्यात माझा तुझ्यावर विश्वास नव्हता हे दोघांनाही माहीत होतं.

आता तो दिवस.

सकाळी तू दोनदा आत आलास, काही काम नसताना. तिसऱ्यांदा आलास तेव्हा सांगितलंस, पूर्वाचा फोन होता. पोरगी आता एकोणीस वर्षांची. इतकी वर्षं वाढदिवसाच्या मेसेजला नुसतं "थँक्स" म्हणणारी, ती म्हणाली की रविवारी येते, तुमची प्रॅक्टिस ऐकायला. तू मला विचारलंस, खुर्ची कोणती ठेवू. प्लॅस्टिकची की माझी लाकडी. कपाळाला हात लावून म्हणालास, डोकं दुखून राहिलं सकाळपासून, टेन्शन आलं वाटते. मी म्हटलं, पोरगी येऊन राहिली, फाशी नाही.

चार वाजता मी ओट्यावर चटणीसाठी जवस निवडत होते. फाटक वाजलं. तू भिंत धरून आत आलास. एका पायात चप्पल, एका पायात नाही. पाय ओढत होतास. काहीतरी म्हणालास, जीभ जड. "मा... शी," असं काहीसं.

मंगेश, मी हे पाय बावीस वर्षं बघितले आहेत. ही जीभ बावीस वर्षं ऐकली आहे. मला दुसरं काही सुचलंच नाही. वाटलं, पोरगी येणार या भीतीने याने आज घेतली. नऊ वर्षांनी घेतली.

मी जागची उठले नाही. तिथूनच म्हटलं, "हा कर."

तू बघत राहिलास.

"कर म्हणते ना. काहून नाही करत?"

तू मान हलवलीस. मला ती नाही म्हटल्यासारखी वाटली. आज विचार करते तर ती नुसती हलली असेल. मी सूप उचललं, आत गेले आणि दार लावून घेतलं. नवऱ्याला मी अशीच अंगणात पडू द्यायची. पडू दे, उतरेल, मग बघू.

सव्वाचारला नळ आला. मी पाणी भरलं. दोन पितळी गुंड, एक बादली, माठ. आणि नळाची धार चालू असताना मी पूर्वाला फोन लावला. म्हटलं, "बेटा, रविवारी नको येऊ. तुझ्या बापानं पुन्हा सुरू केली." ती "ठीक आहे" म्हणाली आणि ठेवून दिला.

दार एका फळीच्या जाडीचं. पलीकडे तू. नळाचा आवाज मोठा होता, पण माझाही आवाज काही लहान नाही. तू ऐकलंस का, हेच मला माहीत नाही. हीच ती गोष्ट.

पाच वाजता नळ गेला. पाणी थांबलं तेव्हा बाहेर किती शांत आहे ते कळलं. दार उघडलं तर तू अंगणात नव्हतास. मागाच्या खोलीत गेलेला, मागाच्या खांबाला टेकून बसलेला, तोंड माझ्याकडे. तोंडाची एक बाजू खाली आलेली, जसा कोणी दोरा ओढावा. ती तासाभरापूर्वीही तशीच असणार. मी पाय बघितले होते, जीभ ऐकली होती. तोंडाकडे बघितलंच नव्हतं.

मी खाली बसले, तुझ्या तोंडासमोर तोंड नेलं. आणि तू हा केलास. हळू, लांब. ज्येष्ठमधाचा वास आला. दुसरं काही नाही. लवंग नाही, कांदा नाही, त्याच्या खालूनही काही नाही.

मग मी ओरडले. गल्ली जमली. पहिला ऑटोवाला तुझी मान बघून म्हणाला, "पिलेला आहे, सीट खराब करन," आणि निघून गेला. कोणी म्हणालं, शेवटी घेतलीच त्यानं. दुसऱ्या ऑटोत बंटीने तुला उचलून घातलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्त सांडलं. विचारलं, "आजी, हे केव्हापासून?"

मी म्हटलं, "आत्ताच."

हे मी म्हटलं. आत्ताच.

तासभर आधी आणलं असतं तर काही फरक पडला असता का, हे मी त्यांना विचारू शकले असते. दोन दिवस तिथेच बाकड्यावर बसून होते, ते दहादा माझ्या समोरून गेले. विचारलं नाही. पडला असता म्हणाले तर काय करायचं, आणि पडला नसता म्हणाले तर मला बरं वाटेल, तेही नको होतं.

दुसऱ्या दिवशी तुझ्या भावाने, अरुणने, पूर्वाला कळवलं. ती आली. दाराच्या काचेतून तुझ्याकडे बघत उभी राहिली, आत गेली नाही. मग माझ्याच बाकड्यावर येऊन बसली. मधे हातभर जागा. मला फक्त एवढं म्हणायचं होतं, बेटा, मी चुकली, त्यानं नव्हती घेतली, जा आत. जीभ तुझी जड झाली होती मंगेश, पण बोलली नाही ती माझी. तासाभराने ती निघून गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास.

नऊ दिवस सगळे तेच म्हणत राहिले. भेटायला येणारे हळू आवाजात विचारायचे, "पुन्हा चालू झाली होती म्हणे?" मी म्हणायची, "नाही गा, असं काही नाही." पण तेवढंच. कारण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा: मग तुम्ही पूर्वाला फोन कशाला केला, मग तेव्हा तुम्ही काय करत होत्या. तुझं नाव धुवायचं तर मी तेव्हा भरलेलं पाणी दाखवावं लागणार होतं. मी नऊ दिवस ते टाळलं.

काल घाटावर पंधरा-वीस माणसं होती. बंटी आणि तुझ्या बँडमधले आणखी दोघं, काळे बनियन घालून, कडेला. पूर्वा अरुणच्या मागे पायरीवर. पिंड ठेवला. वडाच्या झाडावर कावळे होते, पण खाली येईनात. अरुण हात जोडून म्हणाला, पूर्वाचं शिक्षण मी पाहीन. कोणी म्हणालं, खोलीतलं सामान पोट्ट्यायले देऊन टाका. बंटी म्हणाला, दादा, आम्ही बँड बंद नाही करणार. ऊन चढलं. कावळा नाही.

मग अरुणने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला दारूचा पव्वा काढला.

"शेवटी त्याची आवड तीच," तो म्हणाला. "जिवंतपणी आपण नाही म्हटलं. आता तरी तृप्त होऊ द्या त्याले."

रीत मला नवीन नाही. मेलेल्याच्या आवडीचं ठेवतात. कोणाच्या पिंडाशेजारी भजी ठेवतात, कोणाच्या विडी. माझ्या नवऱ्याच्या दहाव्याला मी स्वतः पव्वा ठेवला होता आणि कावळा लगेच आला होता. अरुणचाही त्यात राग नव्हता. भावावरचं प्रेमच होतं ते, त्याला दाखवता येत होतं तसं. तो झाकण फिरवायला लागला.

मी पूर्वाकडे बघितलं. गॅदरिंगच्या दिवशी तोंड फिरवलं होतं म्हणतात, ते कसं असेल ते मला काल दिसलं.

"अरुण, ठेवू नको ते," मी म्हटलं.

"मावशी, तुम्ही बसा."

"त्यानं नऊ वर्षं नाही घेतली. त्या दिवशी पण नाही घेतली."

"आता कायले झाकून राहिल्या? सगळ्या मोहल्ल्याले माहीत आहे. पूर्वाले तुम्हीच फोन केला ना?"

"केला. खोटा निघाला तो."

अरुणचा हात झाकणावर थांबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पायरीवर बसले आणि बसून सगळं सांगितलं. चप्पल, भिंत, जीभ. हा कर म्हटलं ते. दार लावलं ते. फोन. मग ज्येष्ठमध.

"किती वेळ दार लावून होत्या?" अरुणने विचारलं.

"नळ येऊन गेला तेवढा."

"म्हणजे किती?"

"तास असन. थोडा कमी."

"आणि डॉक्टरले?"

"आत्ताच म्हटलं."

भटजी नदीकडे बघत राहिले. अरुण उठला, माझ्यापर्यंत आला, माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं हात उगारतो. उगारला असता तरी चाललं असतं. त्याने पव्वा परत वर्तमानपत्रात गुंडाळला, नीट, जसा होता तसा, आणि पिशवीत टाकला. म्हणाला, "मावशी, तुम्ही आमच्या घरी जेवायले थांबू नका."

"हाव," मी म्हटलं.

तेवढ्यात पूर्वा बोलली. तिचं बोलणं धरमपेठेचं, शाळेतलं. "शेवटी वास कशाचा होता म्हणालात?"

"ज्येष्ठमधाचा."

माझ्या बटव्यात काडी होती. तुझ्या खोलीतून उचललेली, एका टोकाला चावलेली. मी ती दिली. तिने ती हातात फिरवून बघितली, दातांच्या खुणा बघितल्या आणि पिंडाशेजारी ठेवली.

कावळा तरीही आला नाही मंगेश. आला असता तर मला सोपं झालं असतं. आम्ही अजून तासभर थांबलो. मग भटजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि झालं म्हणाले.

बसस्टँडवर मी एकटी बसले होते तर पूर्वा आली. शेजारी बसली. मधे हातभर जागा, तशीच.

"मी काचेतून बघितलं आणि आत गेले नाही," ती म्हणाली. "तुम्ही बाजूलाच होता."

"हाव."

"तेव्हा का नाही सांगितलं?"

भीती वाटली, हे उत्तर होतं, पण एकोणीस वर्षांच्या पोरीला ते काय द्यायचं. बस लागली. मी उठले.

"मी रविवारी येणार होते," ती म्हणाली.

"येजो. खोली उघडून ठेवते. बंटीले पण सांगते."

"तुमच्यासाठी नाही येणार."

"माहीत आहे."

तर ती रविवारी येणार आहे. बंटी म्हणतो, तुझा आवाज फोनवर भरून ठेवलेला आहे, तो लावू आणि आम्ही मागे वाजवू. खुर्ची मी लाकडी ठेवली आहे. प्लॅस्टिकची पाय सरकवते. त्या मागाच्या खांबाला अजून तुझ्या पाठीचा तेलकट डाग आहे, तो मी पुसलेला नाही.

दाराच्या पलीकडून तू माझा फोन ऐकला असशील, तर शेवटी हा कशाला केलास, हे मी दहा दिवस विचारून राहिले. ऐकूनही केलास, की ऐकलंच नव्हतंस म्हणून केलास. की तो नुसता श्वास होता आणि मीच त्याला हा समजले. सहा वर्षं तू जे द्यायला नाही म्हणालास ते तुझ्याकडून मी असं घेतलं. विश्वास ठेव म्हणाला होतास. तेवढंच भाडं तू मागितलं होतंस माझ्याकडे.

रविवारी चार वाजता फाटक वाजेल. मी ओट्यावर असेन, माझी जागा तीच. नाक आत ठेवीन. पायात चप्पल आहे की नाही, बोलणं सरळ आहे की नाही, ते मागून. जो कोणी येईल, त्याच्याजवळ उठून जाईन आणि आधी तोंड बघीन.